डाव्या बाजूचा डाग

अश्वजितच्या मोटरसायकलला आजवर एकाही मिस्त्रीचा हात लागला नव्हता. याचा त्याला जेवढा अभिमान होता, तेवढाच तृप्तीला, म्हणजे त्याच्या बायकोला, वैताग होता. इंजिन ऑइल गाळायला तो तिची चहाची गाळणी पळवायचा, चेन डिझेलने धुवायचा आणि त्याच वासाचे हात घेऊन ताटावर बसायचा. "याची गाडी रस्त्यावर कमी अन् आंगनात जास्त चालते," असं त्याचे वडील बाबुलाल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पण गाडी कधी अडली नाही, हेही खरं. जवाहरनगरच्या फॅक्टरीत ड्युटीला जायचं आणि अंधार पडता पडता परत यायचं, या रोजच्या रपेटीत तिने त्याला वाटेत एकदाही सोडलं नव्हतं.

अडचण होती ती उजेडाची. अड्याळला मोठा रस्ता सोडला की त्याच्या टोल्याकडे, म्हणजे वस्तीकडे, जाणारा रस्ता तलावाच्या पाळीवरून जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल उतार आणि त्यात माजलेली बेशरमाची झुडपं. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकाने थांबावं, एवढीच रुंदी. हिवाळ्यात ड्युटीवरून परत येईपर्यंत पाळीवर काळोख होतो, पाण्यावरून धुकं चढतं आणि धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातखाचरांतून, रानडुकरं बेधडक रस्त्यावर येतात. अशा ठिकाणी कंपनीचा तो पिवळट दिवा म्हणजे आंधळ्याच्या हातातला कंदील. मागे बसणाऱ्या तृप्तीने त्यावर एकदा विचारलंही होतं, की लाइट लावलाय की नुसता भास होतोय.

म्हणून त्याने भंडाऱ्याला परसरामच्या जुन्या पार्टांच्या दुकानात ढिगाऱ्यातून एक डूम शोधून काढला. डूम म्हणजे हेडलाइटची काच आणि तिच्या मागची चकचकीत वाटी. हा जुन्या काळचा, जड, मोठ्या गोल काचेचा होता आणि आतली पॉलिश आरशासारखी शाबूत. परसरामने तो फडक्यात गुंडाळून दिला आणि कुठून आला ते सांगितलं नाही. अश्वजितनेही विचारलं नाही. भंगाराचं गोत्र कोण विचारतो?

रविवारी त्याने अंगणात पसारा मांडला. बॅटरीपासून जाड वायर ओढली, मध्ये रिले बसवला, नवा पांढरा एलईडी घातला, प्रत्येक जोड सोल्डर करून त्यावर नळी चढवली. दिवस मावळल्यावर गाडी घराच्या भिंतीसमोर उभी केली. विजयादशमीला भिंतीला चुना मारला होता, त्यामुळे पडद्यासारखी पांढरीशुभ्र होती. दिव्याची उंची भिंतीवर कोळशाने आखायची आणि डिपरचा उजेड त्या रेघेच्या खाली येईपर्यंत स्क्रू फिरवायचा, ही त्याची पद्धत. कोळशाची रेघ बघून बाबुलाल काहीतरी पुटपुटले आणि आत गेले.

बटण दाबलं आणि भिंत उजळून निघाली. एवढा उजेड त्या अंगणाने कधी बघितला नव्हता. शेजारची चंदा हातातलं भांडं घेऊन बघायला आली. अश्वजित खूश झाला आणि मग त्याचं लक्ष डाव्या बाजूला गेलं.

उजेडात एक डाग होता. उभा. खाली दोन पायांसारखा फाटलेला, वर खांदे, आणि डोकं असायला हवं तिथे सुपाएवढं रुंद काहीतरी.

"मानूस दिसते," तृप्ती म्हणाली.

"मानूस कायचा? आतली पॉलिश उडाली असन थोडीशी."

त्याने डूम काढला, बॅटरी लावून आत पाहिलं. पॉलिश कुठेच उडाली नव्हती. काच पुसली, वाटीत फुंकर मारली, बल्ब बदलला. मग बल्ब अर्धा फिरवून बसवला. उजेडाचा आकार फिरला. डाग जिथे होता तिथेच राहिला.

"अन् आता?" तृप्तीने विचारलं. "सारा उजेड फिरला, मंग हाच कायले नाई फिरला?"

आपल्याला हे कळत नाही, असं कबूल करणं अश्वजितला जमणारं नव्हतं. याला कारण होतं. छप्पन साली त्याच्या आजोबांनी घरातलं सगळं देवघर आणि त्यासोबत भुताखेतांची सारी भीती एका दिवसात उंबऱ्याबाहेर काढली होती. तेव्हापासून या घरात कोणी लिंबू उतरवलं नाही की पोराच्या दंडाला काळा दोरा बांधला नाही. अश्वजित स्वतः दरवर्षी टोल्यात अंधश्रद्धेवर कार्यक्रम घ्यायचा. त्याचा फॅक्टरीतला मित्र विनोद जिभेवर जळता कापूर ठेवून दाखवायचा आणि अश्वजित माइकवर सांगायचा, की डोळ्यांना दिसतं ते आधी तपासून घ्या. आता डोळ्यांना दिसत होतं, तपासून झालं होतं, आणि तरी ते दिसतच होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळीवर पहिल्यांदा तो लाइट लागला. पार पलीकडच्या टोकापर्यंतचा खड्डा न् खड्डा दिसला. आणि डाव्या बाजूला, उजेड संपतो तिथे, तो माणूस होता. अश्वजितने कचकन ब्रेक दाबला. माणूसही थांबला. गाडी हळू पुढे नेली तर तोही तेवढाच पुढे सरकला. भिंतीवर निदान तो सपाट होता. इथे धुक्यात त्याला जाडी होती.

पहिले काही दिवस अश्वजित दर वेळी पाळीवर दचकायचा. पाय आपोआप ब्रेकवर जायचा, मागून येणारे शिव्या घालायचे. मग त्याने स्वतःला समजावलं. डाग आहे. डागाला घाबरून ब्रेक मारत बसलो तर एक दिवस मागून कोणी उडवेल. त्याने मनाला शिकवलं आणि मन शिकलं, कारण माणसाचं मन कशालाही सरावतं. महिनाभरात तो त्या आकृतीच्या अंगावर सरळ गाडी घालू लागला, गाणं गुणगुणत. उजेड मात्र असा लख्ख, की डुकरं लांबूनच दिसायची आणि मागे बसलेली तृप्तीसुद्धा आता डोळे मिटून घेत नव्हती.

त्या संध्याकाळी धुकं जरा लवकर उतरलं होतं. पाळीच्या मध्यावर तो रोजच्यासारखा डाव्या बाजूला उभा होता, खांद्यांवर सूप घेऊन. अश्वजितने गाडी हळू केली नाही. आणि मग हँडलला धक्का बसला.

गाडी वाकडीतिकडी जाऊन कशीबशी थांबली. मागे वळून पाहिलं तर रस्त्यावर गवत पसरलं होतं, हिरवं, ओलं, नुकतंच कापलेलं. उतारावर बेशरमाच्या झुडपात बाबुलाल पडले होते. शेळ्यांसाठी पाळीखालच्या बांधीतून गवताचा भारा डोक्यावर घेऊन ते घरी निघाले होते.

भंडाऱ्याला नेलं. हाताचं हाड मोडलं होतं, बाकी मुकामार. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. प्लास्टर घालून घरी आणल्यावर बाबुलालांनी मुलाला शिवी दिली नाही की आवाज चढवला नाही. खाटेवर पडल्या पडल्या फक्त एक विचारलं.

"तुया लाइट तं माया आंगावरच होता. मंग तुले मी दिसलो कसा नाई?"

"दिसले होते, बाबा," अश्वजित म्हणाला.

त्याला वडील दिसले होते. रोजच दिसत होते. गवताचा भारा डोक्यावर घेतलेला माणूस लांबून कसा दिसतो, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी भिंतीवर ते सूपच वाटलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या रात्री तो जेवला नाही.

"फोडा तो," तृप्ती म्हणाली. "आजच्या आज."

त्याने डूम काढला. हातोडीही आणली. पण ज्या माणसाने आयुष्यात साधा जुना नट फेकला नाही, त्याच्याच्याने ती बिनतड्याची काच, ती आरशासारखी वाटी फोडवेना. चालू वस्तू फोडायची म्हणजे त्याला पाप वाटायचं, आणि पाप हा शब्द तो एरवी वापरत नसे. त्याने डूम टॉवेलात गुंडाळून माळ्यावर टाकला. जुना पिवळा दिवा परत बसवला. घाईत वायरी नुसत्या पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि रविवारी सोल्डर करू म्हणाला. रविवार आला आणि गेला. बाबांचं औषधपाणी होतं, त्यात सोल्डर कोणाला आठवतं.

बाबुलालांना बघायला विनोद आला. तो पुढच्या गावचा. त्यालाही ड्युटीवरून येताना तीच पाळ ओलांडावी लागे आणि त्याच्या गाडीचा दिवाही तसाच मेणबत्तीच्या जातीचा. बोलता बोलता तो म्हणाला, "तो मोठा डूम काढला म्हनते तू? पडून असन तं मले दे ना गा. मी इकडं अंधारात चाचपडून राहिलो."

चूल फुंकणारी तृप्ती थांबली आणि दारातून तिने नवऱ्याकडे पाहिलं. अश्वजितने ती नजर चुकवली. विनोद हातपाय धुवायला बाहेर गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, "देत असान तं सांगून द्या त्याइले."

"काय सांगू? लाइटीत भूत आहे म्हनून? विनोदले?"

"जे झालं ते सांगा. भूत तुमी म्हनून राहिले, मी नाई."

तिचं बरोबर होतं. पण जिभेवर कापूर जाळणाऱ्या माणसासमोर हे बोलायचं म्हणजे काय, हे तिला कसं कळणार? सगळ्या फॅक्टरीत बोभाटा झाला असता. माइकवाल्या अश्वजितला हेडलाइटीत माणूस दिसतो म्हणे. त्याने ठरवलं, की डूम बसवताना सांगू, एकट्यात.

दुसऱ्या दिवशी विनोदच्या अंगणात त्याने स्वतःच्या हाताने तो बसवला. इथले सगळे जोड नीट सोल्डर केले, कारण दुसऱ्याचं काम होतं. विनोदच्या घराची भिंत निळी होती. लाइट लावला तर डाग होता, डावीकडेच. पण तो बदलला होता. सूप गेलं होतं. डोकं साधं, माणसाचं. आणि दोन्ही हात वर.

विनोद खो खो हसला. "हा तं मले टाटा करून राहिला बे."

त्याची बायको रत्नमाला चहा घेऊन आली होती, तीही हसली. अश्वजितला हातातला पेचकस एकदम गार लागला. बोलायची वेळ हीच होती. शब्द अगदी ओठांवर आले होते. विनोद त्याच्याकडे बघत होता, तोंडावर अजून हसू होतं, आणि त्या हसण्यापुढे अश्वजितने कच खाल्ली.

"डाव्या बाजूले डाग आहे जरासा," तो म्हणाला. "पॉलिश गेली असन. लक्ष नको देऊ."

पुढे काही दिवस त्याने तो विषय मनातून काढून टाकला, किंवा काढला असं त्याला वाटलं. मग एका शनिवारी डबा खाताना विनोदनेच तो काढला, चारचौघांत, मजेत. "त्या टाटावाल्याची आता सवय झाली गा. आधी ब्रेक मारो मी. आता सरळ त्याच्या आंगातून गाडी काढतो."

सगळे हसले. अश्वजितने हातातला घास डब्यात परत ठेवला. तो म्हणाला, "तुयासंग बोलाचं आहे मले, उद्या येतो." विनोद म्हणाला, "ये ना." तिथेच, त्याच क्षणी बोलता आलं असतं. पण आधी तपास आणि मग बोलणं, हे त्याचं जुनं तत्त्व पुन्हा मदतीला धावलं, आणि तत्त्वं नेमकी अशाच वेळी धावतात. त्याला आधी हवा होता पुरावा.

रविवारी दुपारी त्याने भंडाऱ्याला परसरामला गाठलं. डूम कुठून आला ते परसरामने या वेळी सहज सांगून टाकलं. आसगावच्या पुंडलिकरावांच्या पोराची गाडी, मनिषची. पुंडलिकरावांनीच ती भंगारात दिली, सुटे पार्ट इथे आले.

आसगावला पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. पुंडलिकराव अंगणात शेकोटीपाशी बसले होते. खाऊनपिऊन सुखी घर, धानाच्या रचलेल्या पुंजण्यांनी भरलेलं खळं, आणि त्या सगळ्यात हा म्हातारा असा बसला होता, की ते कोणाचं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. अश्वजितने ओळख सांगितली. डूम म्हणताच पुंडलिकरावांनी मान वर केली.

"तुले कसा दिसला?" त्यांनी विचारलं.

अश्वजितला वाटलं होतं, आपल्यालाच आडून आडून विचारावं लागेल. "डोक्यावर काईतरी घेतलेला," तो म्हणाला. "मंग माया बाबाले धक्का लागला. गवताचा भारा होता त्याइच्या डोक्यावर."

पुंडलिकरावांची बायको चंद्रभागाबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिने पदर तोंडाला लावला.

"आमच्या मनिषले बुटकं दिसे," पुंडलिकराव म्हणाले. "वाकलेलं, हातात काठी. बाबा, म्हने, उजेडात कोनीतरी वाकून चालते. मी बाहेरचं पाहनाऱ्याले बोलावलं, लिंबू उतरवलं, काई झालं नाई. मंग मीच म्हनलो, लक्ष नको देऊ."

"अन्?"

"शेजारची रुखमिणी होती. म्हातारी, कमरेत वाकलेली. दिवेलागनीले काठी टेकत येऊन राहिली होती. त्याले ते दिसली नाई असं नाई, बापा. दिसली. त्याले वाटलं, रोजचंच आहे."

"तिनंच न्हाऊमाखू घातलं होतं माया पोराले," चंद्रभागाबाई दारातूनच म्हणाली. "आता तो नागपूरले राहते. सायकलवरसुद्धा बसत नाई."

शेकोटीतलं लाकूड तडतडलं. अश्वजितने विचारलं, "मंग तुमी तो फोडला काहून नाई?"

"उजेड लय चांगला होता गा," पुंडलिकराव म्हणाले. "हात नाई उठला. देऊन टाकला भंगारात."

"परसरामले सांगतलं नाई?"

"सांगतलं असतं तं घेतला असता का त्यानं?" म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू काय केलं त्याचं? फोडला?"

अश्वजित उठला. चहा येत होता, तो घेतला नाही. आता सगळं स्पष्ट होतं. डाग डूममधला नव्हता. जो गाडीखाली येणार, त्याचा होता, आणि डूम आपला आधीपासून दाखवत होता, रोज, सवय होईपर्यंत. मग तो हात वर केलेला कोण? पाळीवर रोज कोणी ना कोणी हात दाखवून गाडी थांबवतं. बांधीवरून परतणाऱ्या बाया, बाजारातून येणारे म्हातारे. त्यातलाच कोणी. आणि विनोद त्याच्या अंगातून गाडी काढणार होता.

विनोदच्या घरी तो पोचला तेव्हा दिवस मावळला होता. रत्नमाला एकटीच होती.

"ते तं बाजाराले गेले अड्याळले. येतच असतीन आता."

"फोन लावा त्याले."

"फोन इथंच आहे, चार्जिंगले." तिने त्याचा चेहरा पाहिला. "काय झालं, भाऊजी?"

"काई नाई," तो म्हणाला, आणि पुन्हा तेच केलं हे त्याला गाडी वळवल्यावर कळलं. मग त्याने ओरडून सांगितलं, "तो आला तं गाडी चालवू नका देऊ त्याले. मी समदं सांगतो." तिला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

टोल्यातून जाताना त्याने स्वतःच्या अंगणात नजर टाकली. बाबुलाल खाटेवर बसले होते, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला. निदान बाबा तरी नाहीत. तो हात वर होऊच शकत नाही. त्याला एवढं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि कोणा दुसऱ्याच्या जिवावर हे बरं वाटतंय म्हणून लगेच शरमही वाटली. तृप्ती दारात होती. तो थांबला नाही. पाळीच्या या टोकाला विनोदला अडवायचं, एवढंच डोक्यात होतं. पण तिथे पोचल्यावर वाटलं, विनोद आधीच पाळीवर असला तर? इथे थांबून काय उपयोग? पलीकडे जाऊन अड्याळच्या बाजूलाच गाठू. त्याने गाडी पाळीवर घातली.

थोडं आत गेल्यावर पिवळा दिवा लुकलुकला आणि विझला. त्याला कारण तपासायची गरज नव्हती. पिळलेल्या वायरी, चिकटपट्टी, रविवारी सोल्डर करू. उभ्या आयुष्यात या गाडीवर त्याने एकच काम अर्धवट सोडलं होतं.

वायरी जोडत बसायला वेळ नव्हता. त्याने मोबाइलची बॅटरी लावली, रबरबँडने मोबाइल हँडलला बांधला आणि तसाच निघाला. धुक्यात तो एवढासा उजेड पुढच्या चाकापुढे पोचत नव्हता. खड्डा दिसलाच नाही. हँडल हातातून सुटलं, गाडी आडवी झाली, मोबाइल निसटून उडाला आणि पाण्यात पडल्याचा डुबुक आवाज आला. मग सगळं काळं झालं.

तो उठला. गुडघा फुटला होता, पाय टेकवत नव्हता. गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी पडली होती. त्याने उचलायचा प्रयत्न केला, पण पायाने दगा दिला. परत ओढून पाहिली. मागचं चाक जेमतेम हललं. तलावात कुठेतरी एक पाणकोंबडी ओरडली आणि गप्प झाली.

तेव्हा अड्याळच्या टोकाला पांढरा उजेड पाळीवर चढला.

तो उजेड अश्वजितला ओळखू न येणं शक्य नव्हतं. स्वतः बसवला होता, स्वतः उंची साधली होती. धुकं उजळत गेलं, बेशरमाची पानं एकेक दिसू लागली. गाडी वेगात होती. विनोद घरी निघाला होता, ओळखीच्या रस्त्याने, चांगल्या उजेडात. समोर माणूस दिसला तर तो हळू करणार नव्हता. समोर माणूस दिसणं, हे तर रोजचंच होतं.

अश्वजित आडव्या पडलेल्या गाडीच्या पुढे लंगडत गेला, दोन्ही हात वर केले आणि जिवाच्या आकांताने ओरडला. "विन्या, थांब! विन्या, मी आहे!"

उजेड त्याच्या अंगावर आला. डोळे दिपले. त्याने मान फिरवली आणि मागे धुक्यावर स्वतःची सावली पडलेली पाहिली. साधं डोकं, माणसाचं, आणि दोन्ही हात वर. ही त्याने आधी पाहिली होती. निळ्या भिंतीवर, हातात पेचकस असताना. विनोद तेव्हा खो खो हसला होता.

अजून बाजूला होता आलं असतं. उतारावर अंग टाकून द्यायचं, काटे लागले असते, बाबांसारखं एखादं हाड मोडलं असतं. पण त्याच्या मागे गाडी रस्त्याभर आडवी होती, आणि जमिनीलगतच्या धुक्यात ती विनोदला दिसण्याआधी विनोद तिच्यावर येऊन आदळला असता, या वेगात, एका बाजूला खोल उतार आणि दुसऱ्या बाजूला पाणी. ज्याला लक्ष नको देऊ म्हणून सांगितलं, त्याला लक्ष दे म्हणून सांगायला आता एवढीच जागा उरली होती.

भिंतीवरच्या त्या माणसाने हात खाली का घेतले नव्हते, ते त्याला कळलं. तो विनोदचं नाव घेत राहिला, आणि त्यानेही हात खाली घेतले नाहीत.